मॉडिफाइड इंजिनचं फ्युएल प्रेशर: रेग्युलेटर बसवण्यापासून ट्यूनिंगपर्यंत

टर्बो बसला, मोठे इंजेक्टर आले, प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आला, की नव्या माणसाचा हात सगळ्यात आधी रेग्युलेटरच्या, म्हणजे पेट्रोलचं प्रेशर ठरवणाऱ्या भागाच्या, स्क्रूकडे जातो. गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालतेय? स्क्रू आत. आयडलला प्लग काळे पडतायत? स्क्रू बाहेर. असं करत गेलं की काही दिवसांनी मॅपमधला (कधी किती पेट्रोल द्यायचं याचा ईसीयूतला तक्ता) एकही आकडा विश्वासाचा राहत नाही, आणि एखाद्या दिवशी फुल बूस्टवर (टर्बोनं दाबलेल्या हवेचं प्रेशर) पिस्टन वितळतो. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवतो: अ‍ॅडजस्टेबल रेग्युलेटरच्या स्क्रूनं बेस प्रेशर (व्हॅक्यूम किंवा बूस्टचा परिणाम नसतानाचं मूळ प्रेशर) एकदा ठरवायचं, लॉकनट आवळायचा आणि मिश्रणाची बाकी सगळी दुरुस्ती ईसीयूच्या मॅपमध्ये करायची. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत. मधली पायरी गाळून पुढे जाऊ नका.

हा लेख पेट्रोल इंजिनासाठी आहे, त्यातही ज्यात इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये फवारतात आणि टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाइन आहे अशा सिस्टिमसाठी. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात रेलमधलं (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) प्रेशर ५० ते २०० बार, नव्या इंजिनांत त्याहूनही जास्त असतं. तिथला बारीक फवारा कातडीतून आत शिरू शकतो, त्यामुळे त्या जोडण्या घरी उघडू नका. कार्ब्युरेटरचं उलट, त्याला जेमतेम ३ ते ७ पीएसआय लागतात आणि त्याचा रेग्युलेटर वेगळा असतो. इंजेक्शनचा रेग्युलेटर तिथे लावला तर तो इतकं कमी प्रेशर धरूच शकत नाही, फ्लोटची सुई बसत नाही आणि पेट्रोल ओसंडतं.

१. गेज काय दाखवतो आणि इंजेक्टरला काय जाणवतं

ही पायरी वाचायची आहे, करायची नाही. पण सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी झडप. तिच्या एका बाजूला रेलमधलं पेट्रोल, दुसऱ्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डमधली हवा. झडप उघडली की किती पेट्रोल जाईल, हे या दोन बाजूंच्या प्रेशरमधल्या फरकावर ठरतं. रेलवरचा गेज मात्र बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो. त्यामुळे गेजचा आकडा आणि इंजेक्टरला जाणवणारं प्रेशर फार क्वचित एकसारखे असतात.

रेग्युलेटरच्या आत एक पडदा आणि एक स्प्रिंग असते. पंप सतत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ढकलतो. प्रेशर स्प्रिंगच्या ताकदीपेक्षा वाढलं की पडदा उचलला जातो आणि जादा पेट्रोल रिटर्नमधून टाकीत जातं. पडद्याच्या वरच्या बाजूला मॅनिफोल्डकडून येणारी एक बारीक नळी जोडलेली असते. तिचं काम एवढंच की मॅनिफोल्डमधलं प्रेशर जितकं वाढेल किंवा घटेल, रेलचं प्रेशरही तितकंच वाढावं किंवा घटावं.

बेस प्रेशर ३ बार, म्हणजे ४३.५ पीएसआय, धरून बघा:

- आयडलला मॅनिफोल्डमध्ये साधारण ०.६५ बारचा व्हॅक्यूम असेल तर गेज २.३५ बार दाखवेल.
- टर्बो नसलेल्या इंजिनात फुल थ्रॉटलला व्हॅक्यूम जवळजवळ शून्य, गेज ३ बार.
- १ बार बूस्टला गेज ४ बार.

तिन्ही वेळेला इंजेक्टरला मिळालेला फरक ३ बारच आहे. हा फरक स्थिर राहिला तर इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीयू नेमकं ठरवू शकतो. आता ती नळी निघाली किंवा फुटली असं समजा. १ बार बूस्टला रेलमध्ये ३ बारच राहिले, फरक २ बारवर आला. प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. २ भागिले ३ याचं वर्गमूळ सुमारे ०.८२, म्हणजे इंजिनाला सर्वात जास्त पेट्रोल हवं असतं नेमकं तेव्हा ते १८ टक्के कमी मिळालं. नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू व्हायला एवढं पुष्कळ होतं.

हेच वर्गमूळ दुसरी गोष्टही सांगतं. बेस प्रेशर ३ वरून ४ बार केलं तर प्रवाह एक तृतीयांश वाढत नाही, साधारण १५ टक्केच वाढतो. दुप्पट प्रेशर केलं तरी ४१ टक्के. आणि त्यासाठी पंपाला जास्त जोर लावावा लागतो, त्याचा स्वतःचा प्रवाह घटतो. इंजेक्टर कमी पडत असतील तर मोठे इंजेक्टर घ्या. प्रेशर वाढवून वेळ मारून नेणं महागात पडतं.

याच ठिकाणी एक सापळा आहे. जुन्या टर्बो किटसोबत असे रेग्युलेटर यायचे जे बूस्टच्या कितीतरी पट प्रेशर वाढवतात. सहास एक प्रमाणाचा रेग्युलेटर अर्ध्या बार बूस्टला रेलमध्ये ३ बारची भर घालतो. मूळ ईसीयूत फेरफार करता येत नसे तेव्हाची ती तडजोड होती. तुमचा ईसीयू प्रोग्रॅम करता येत असेल तर असा रेग्युलेटर घेऊ नका, एकास एक प्रमाणाचाच घ्या.

२. जमवायचं सामान आणि कागद

कागद आधी, कारण ते नसले तर सामान असूनही अंदाजपंचे काम होतं:

- इंजेक्टरची माहिती: कोणत्या प्रेशरला किती सीसी प्रति मिनिट, आणि वेगवेगळ्या व्होल्टेजला त्याचा डेड टाइम (अर्थ आठव्या पायरीत). हा कागद न देणारा विक्रेता स्वस्त असला तरी सोडून द्या.
- पंपाचा आलेख: वाढत्या प्रेशरला प्रवाह किती घटतो, आणि तो किती व्होल्टला मोजला आहे.
- गाडीच्या वायरिंगचा नकाशा आणि मूळ बेस प्रेशरचा आकडा.
- विम्याचे आणि नोंदणीचे नियम. इंजिनातले बदल कळवावे लागत असतील तर ते काम आधी करा.

सामान:

- एकास एक प्रमाणाचा अ‍ॅडजस्टेबल रेग्युलेटर, गेज लावायच्या पोर्टसह
- ० ते ७ बारपर्यंतचा मेकॅनिकल गेज आणि लॉग करता येईल असा ० ते १० बारचा सेन्सर
- वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर
- व्हॅक्यूम आणि प्रेशर दोन्ही देणारा हातपंप
- इंजेक्शनच्या प्रेशरसाठीचा होज, त्याचे क्लॅम्प, फिल्टर
- मल्टिमीटर, पाने, ॲलन की, निट्राइलचे हातमोजे, चष्मा
- पेट्रोलच्या आगीवर चालणारा पावडरचा अग्निशामक, हाताशी

मेकॅनिकल गेजबद्दल थोडं. बॉनेटखाली कायमचा बसवलेला, द्रव भरलेला गेज गरम झाला की आतला द्रव फुगून आकडा चुकवतो. बेस प्रेशर लावायला तो वापरा, पण थंड इंजिनावर. चालत्या गाडीतलं प्रेशर बघायला इलेक्ट्रिक सेन्सरच हवा. आणि पेट्रोलची नळी ओढून केबिनमध्ये मेकॅनिकल गेज लावायची कल्पना कुणी दिली तर साफ नाही म्हणा. ती नळी फुटली तर पेट्रोल तुमच्या मांडीवर सांडेल.

३. हिशेब

समजा चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे आणि २०० हॉर्सपॉवर हवेत. टर्बो इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.२७ किलो पेट्रोल लागतं, टर्बो नसेल तर ०.२३ किलोच्या आसपास. २०० गुणिले ०.२७ म्हणजे ५४ किलो, लिटरमध्ये साधारण ७३ लिटर प्रति तास. मिनिटाला हे सुमारे १२१७ सीसी, चार इंजेक्टरांत प्रत्येकी ३०४. इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून ३०४ भागिले ०.८५, म्हणजे ३६० सीसीच्या आसपास. बाजारातला ४४० सीसीचा इंजेक्टर आरामात पुरेल. उगाच १००० सीसीचा घेतला तर आयडलला तो इतका कमी वेळ उघडेल की मिश्रण स्थिर ठेवणं अवघड होईल.

८५ टक्के का? ६००० आरपीएमला इंजिनाचं एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत होतं. इंजेक्टरला उघडायला-मिटायला वेळ लागतो, त्यामुळे १७ मिलिसेकंदांच्या पुढे त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

पंपाचा हिशेब करताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. १ बार बूस्ट म्हणजे रेलमध्ये ४ बार. पंप ४ बारला, प्रत्यक्ष मिळणाऱ्या व्होल्टेजला, ७३ लिटर आणि वर २५ टक्के राखीव, असे ९० लिटरच्या पुढे देतो का, हे आलेखावर बघा. इथेनॉलचं प्रमाण खूप जास्त असलेलं इंधन, उदाहरणार्थ ई८५, वापरणार असाल तर ३० ते ४० टक्के जास्त इंधन लागतं. तेव्हा हा सगळा हिशेब पुन्हा मांडा, आणि होज, सील, फिल्टर त्या इंधनाला टिकणारे आहेत का तेही तपासा.

४. मार्ग आखा

क्रम असा: टाकी, पंप, फिल्टर, रेल, रेग्युलेटर, रिटर्न, टाकी. रेग्युलेटर रेलच्या नंतर येतो. रेलच्या आधीही तो काम करतो, पण रेलच्या टोकाला बसवला तर गरम पेट्रोल आणि हवेचे बुडबुडे वाहून जातात. पंपानंतरचा फिल्टर १० मायक्रॉनच्या आसपास, पंपाआधीचा जाळीचा, साधारण १०० मायक्रॉनचा. पंपाआधी बारीक फिल्टर लावू नका. पंपाला ढकलणं चांगलं जमतं, ओढणं जमत नाही. ओढताना अडथळा आला की पेट्रोलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पंप किंचाळायला लागतो.

रिटर्न लाइनकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात. आयडलला इंजिन फारच थोडं पेट्रोल खातं, म्हणजे पंपाचा जवळजवळ सगळा प्रवाह रिटर्नमधून जातो. मूळ बारीक नळी तशीच ठेवून मोठा पंप बसवला तर तिच्यात प्रेशर तुंबतं आणि रेग्युलेटर पूर्ण उघडूनही रेलचं प्रेशर खाली येत नाही.

गाडी मूळची रिटर्न नसलेली असेल, तर तिचा रेग्युलेटर टाकीतच असतो आणि मॅनिफोल्डच्या बदलांची भरपाई ईसीयू हिशेबानं करतो. थोड्या वाढीसाठी ती रचना तशीच ठेवून मॅप बदलणं शहाणपणाचं. बूस्ट वाढवायचा असेल तर रिटर्न लाइन घालावी लागेल, आणि ईसीयूमधली ती भरपाई बंद करावी लागेल. दोन्ही एकदम चालू राहिल्या तर दुरुस्ती दोनदा होते.

५. प्रेशर सोडा, मग पाना लावा

इंजिन थंड, जागा मोकळी, जवळपास ठिणगी नाही. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन चालू करा आणि पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडू द्या. एकदा-दोनदा सेल्फ मारा. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. तरीही पहिली जोडणी फडकं गुंडाळूनच सैल करा, आत थोडं प्रेशर उरतंच. सांडलेलं पेट्रोल पुसलेलं फडकं गॅरेजमध्ये ठेवू नका.

६. बसवणी

होजवर छापलेलं वाचा. इंजेक्शनसाठी एसएई जे३०आर९ दर्जाचा होज लागतो. जे३०आर७ हा कमी प्रेशरचा आहे, दिसायला तसाच दिसतो आणि दुकानात सहज हातात दिला जातो. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणारा तुकडा जे३०आर१० चाच हवा, कारण साधा होज बाहेरून पेट्रोल शोषून फुगतो आणि सुटतो. क्लॅम्प गोल कडेचे, इंजेक्शनसाठीचे घ्या. खाचा असलेल्या साध्या क्लॅम्पची पट्टी रबरात रुतते.

एएन फिटिंगचा शंकूसारखा भाग धातूवर धातू बसून सील होतो. त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. निमुळत्या आट्यांच्या फिटिंगलाही टेपऐवजी पेट्रोलला टिकणारं पातळ सीलंट लावा. टेपचा एक धागा सुटून इंजेक्टरमध्ये अडकला तर ते सिलिंडर लीन चालतं, आणि ते बाहेरून कळत नाही.

व्हॅक्यूमची नळी थ्रॉटलनंतरच्या मॅनिफोल्डवरून, स्वतंत्र, आखूड आणि जाड भिंतीची घ्या. तीच नळी फोडून बूस्ट गेज किंवा ब्लो-ऑफ व्हॉल्व्हला देऊ नका. बूस्टखाली ती उडून जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना क्लिप लावा.

आता वायरिंग. पंपाचा प्रवाह व्होल्टेजवर सरळ अवलंबून असतो, आणि मूळ बारीक वायर मोठ्या पंपाला पुरत नाही. बॅटरीवरून जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज, पंपाजवळ रिले, आणि चांगलं अर्थिंग. रिलेला हुकूम ईसीयूकडूनच द्या. इंजिन थांबलं की पंपही थांबला पाहिजे. इग्निशनवर थेट जोडलेला पंप अपघातात नळी तुटली तरी पेट्रोल ओतत राहतो.

७. गळती तपासा, मग बेस प्रेशर लावा

बॅटरी जोडा, इंजिन चालू न करता इग्निशन ऑन करा. पंप दोन-तीन सेकंद चालून थांबेल. असं काही वेळा करा आणि प्रत्येक जोडणीखाली कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर पुढे जायचं नाही. घाम आल्यासारखा ओलावासुद्धा गळतीच आहे.

सगळं कोरडं असेल तर:

क. इंजिन बंद ठेवून ईसीयूच्या टेस्ट मोडनं पंप सलग चालवा.

ख. रेग्युलेटरवरची व्हॅक्यूम नळी काढा, निप्पल उघडं ठेवा.

ग. लॉकनट सैल करून स्क्रू सावकाश फिरवा. बहुतेक रेग्युलेटरमध्ये आत फिरवला की प्रेशर वाढतं. इंजेक्टरच्या कागदावर ज्या प्रेशरला प्रवाह मोजला आहे तेच प्रेशर ठेवा, बहुधा ते ३ बार असेल.

घ. लॉकनट आवळा आणि पुन्हा बघा, कारण आवळताना स्क्रू थोडा सरकतो.

च. आता हातपंप निप्पलला लावा. अर्धा बार द्या, रेल ३.५ वर गेली पाहिजे. १ बार द्या, ४ वर. व्हॅक्यूम द्या, तितकीच खाली. हातपंपानं दिलेलं प्रेशर टिकत नसेल तर पडदा गळतोय.

शेवटची ही चाचणी बहुतेक जण करत नाहीत, आणि ती केली तर बूस्टवर काय होईल ते गाडी जागची न हलवता कळतं.

मग इंजिन चालू करा. व्हॅक्यूम नळी अजून काढलेलीच, मॅनिफोल्डकडचं तोंड बंद केलेलं. गेज ३ बारवरच राहायला हवा. बंद इंजिनाला बॅटरी साधारण १२.५ व्होल्ट देते, चालू इंजिनाला अल्टरनेटर १४ च्या आसपास, त्यामुळे पंप जास्त ढकलतो. इथे प्रेशर वर चढलं तर रिटर्न लाइन किंवा रेग्युलेटर पंपाला पुरत नाही, हे नक्की. स्क्रू सैल करून ते लपवू नका, रिटर्न मोठी करा. सगळं ठीक असेल तर नळी जोडा, प्रेशर व्हॅक्यूमइतकं खाली येईल. त्या क्षणापासून स्क्रूला हात लावायचा नाही.

८. ईसीयूला खरे आकडे द्या

इंजेक्टरचा प्रवाह प्रत्यक्ष बेस प्रेशरचा लिहा. ३ बारला ४४० सीसी असेल आणि तुम्ही ३.५ ठेवलं असेल, तर ३.५ भागिले ३ याचं वर्गमूळ १.०८, म्हणजे ४७५ सीसी.

डेड टाइम म्हणजे ईसीयूनं हुकूम दिल्यापासून पेट्रोल प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत वाया जाणारा वेळ. १४ व्होल्टला तो साधारण १ मिलिसेकंदाच्या घरात असतो, आणि आयडलला एकूण हुकूमच २-३ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे डेड टाइम चुकला की आयडलचं सगळं गणित चुकतं. व्होल्टेज घटलं की तो वाढतो, प्रेशर वाढलं तरी वाढतो. तपासायची सोपी युक्ती: गरम इंजिन आयडलला, ऑक्सिजन सेन्सरची आपोआप दुरुस्ती बंद, मग हेडलाइट आणि पंखा चालू करा. लॅम्डा (वाइडबँड सेन्सरनं मोजलेलं हवा-पेट्रोलचं प्रमाण, आदर्श मिश्रणाला १) स्पष्टपणे हलला तर व्होल्टेजचा तक्ता चुकीचा आहे.

९. मॅप

हवा-इंधनाच्या आकड्यापेक्षा लॅम्डामध्ये काम करा. शुद्ध पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७ असलं तरी इथेनॉल मिसळलं की ते खाली येतं, लॅम्डा १ मात्र १ च राहतो. सुरुवातीची उद्दिष्टं अशी ठेवा: स्थिर वेगाला १, टर्बो नसलेल्या इंजिनाला फुल थ्रॉटलवर ०.८५ ते ०.९०, बूस्टवर ०.७८ ते ०.८२. नेमका आकडा इंजिनावर आणि इंधनावर ठरतो, पण सुरुवात रिच (जास्त पेट्रोलच्या) बाजूनं आणि इग्निशन टायमिंग मागे ठेवूनच करायची.

दुरुस्तीचं सूत्र सोपं आहे. मोजलेला लॅम्डा भागिले हवा असलेला लॅम्डा, आणि त्या घरातल्या आकड्याला त्यानं गुणा. ०.९० मिळाला, ०.८० हवा, तर १.१२५ नं गुणा. आधी आयडल, मग हलका लोड, मग मध्यम, शेवटी बूस्ट, तोही थोडा थोडा वाढवत. फुल लोडचं काम डायनोवरच (गाडी जागीच चालवून ताकद मोजणारं यंत्र) करा. रस्त्यावर एका डोळ्यानं लॅपटॉप बघत हे करणं धोक्याचं आहे, तुम्हाला आणि दुसऱ्यांनाही.

एक्झॉस्टला सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटंच लीन सांगतो. इंजिन मिसिंग करत असेल तरी तेच होतं, न जळलेला ऑक्सिजन सेन्सरला लीन वाटतो. मॅपमध्ये पेट्रोल वाढवत सुटण्याआधी या दोन गोष्टी बघा.

१०. लोडखालचा लॉग वाचायला शिका

रेलचं प्रेशर, मॅनिफोल्डचं प्रेशर, आरपीएम, लॅम्डा, इंजेक्टरचा ड्यूटी सायकल (तो किती टक्के वेळ उघडा असतो) आणि बॅटरी व्होल्टेज एकाच लॉगमध्ये घ्या. रेलच्या आकड्यातून मॅनिफोल्डचा आकडा वजा करणारी एक रेघ बनवा, दोन्ही सेन्सर शून्य कुठून धरतात ते जुळवून. ती रेघ सपाट दिसली पाहिजे. सगळं निदान तिथूनच सुरू होतं.

रेघ वरच्या आरपीएमला खाली वाकते: पुरवठा कमी पडतोय. थ्रॉटल ताबडतोब सोडा. मग पंपाच्या टर्मिनलवर लोडखाली व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त पडत असेल तर आधी वायरिंग, मग फिल्टर, सर्वात शेवटी पंप. पंप आधी बदलणारे पैसे दोनदा खर्च करतात.

रेघ बूस्ट येताच वाकते, आरपीएम कितीही असो: रेग्युलेटरकडची नळी. फुटलेली, वळलेली किंवा चुकीच्या जागेवरून घेतलेली.

वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर प्रेशर क्षणभर कोसळतं: टाकीत पेट्रोल एका बाजूला जातंय आणि पंप हवा ओढतोय. टाकीत अडथळ्याच्या पट्ट्या किंवा छोटी सर्ज टाकी (पंपासाठी पेट्रोल भरलेलं ठेवणारी जादा टाकी) हा उपाय. तोपर्यंत टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

रेघ सपाट, तरी लॅम्डा लीन: ड्यूटी सायकल बघा. ८५ च्या पुढे असेल तर इंजेक्टरांची क्षमता संपली. खाली असेल तर मॅप, नाहीतर जाम झालेला इंजेक्टर.

आयडलला काळा धूर, पेट्रोलचा वास, व्हॅक्यूम नळी काढली तर आत ओलं: पडदा फाटलाय आणि पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये जातंय. गाडी चालवू नका, रेग्युलेटर किंवा पडदा बदला.

इंजिन बंद केल्यावर प्रेशर लगेच पडतं: बाजारात मिळणारे पुष्कळ रेग्युलेटर प्रेशर धरून ठेवत नाहीत, तो दोष मानायचं कारण नाही. मात्र गरम इंजिन सुरू व्हायला वेळ लागत असेल आणि एखादा प्लग ओला निघत असेल तर तो इंजेक्टर गळतोय.

११. पुढे लक्ष ठेवायचं ते

पहिल्या काही लांब फेऱ्यांनंतर सगळ्या जोडण्या पुन्हा तपासा, नवे होज बसतात तसे क्लॅम्प सैल होतात. नव्या सिस्टिममधला पहिला फिल्टर लवकर बदला, कारण नळ्या कापतानाचा कचरा त्यातच जमतो. बेस प्रेशर, तेव्हाचं बॅटरी व्होल्टेज आणि मॅपचा क्रमांक एका कागदावर लिहून गाडीत ठेवा. ट्यूनरला तोच कागद पहिला दाखवायचा.

रेग्युलेटर किंवा पंप बदलला तर सातव्या पायरीपासून सगळं पुन्हा करा. इंजेक्टर बदलले तर तिसऱ्या पायरीच्या हिशेबापासून. टर्बो किंवा बूस्ट बदलला तर दोन्ही.